वेटोळ्याच्या मधोमध

मी भित्री आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. लहानपणी मला उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांची भीती वाटे, दुकानातल्या चिन्याच्या मांजराची वाटे, आणि आठवड्यातून एकदा शुक्रवारची वाटे. शुक्रवारी आमचे मास्तर इंग्रजी शब्द घेत.

मास्तरांना आम्ही मिस्ये म्हणायचो. माणूस तमिळ, उंच, उन्हाळ्यातही टाय घालणारा. मोंतान्य ब्लांश गावच्या त्या शाळेत तीन वर्ग एकाच खोलीत बसत आणि टाय मात्र एकट्या मिस्येंच्याच गळ्यात असे. दर शुक्रवारी ते फळ्यावर एक शब्द लिहीत, नारळ सोलावा तसा तो सोलून दाखवत, आणि मग कुणाला तरी उभं करून त्याचं वाक्य करायला सांगत. वाक्य चुकलं की कान पिळत. माझे कान जात्याच मोठे, त्यामुळे त्यांची नजर आधी माझ्याकडेच जाई.

वर्ष नेमकं सांगत नाही. पन्नासचं दशक सरत आलं होतं आणि बेटावर अजून राणीचं राज्य होतं. भर उन्हाळ्यातला तो शुक्रवार, दमट, चिकट. मिस्येंनी फळ्यावर लिहिलं, ‘सायक्लोन’. वर्ग हसला. हा काय शब्द झाला? आमच्या बोलीत त्याला सिक्लॉन म्हणत, आणि तो तर घराघरांत होता. आया तो बारक्यांना भीती घालायला वापरत, म्हातारी माणसं कुणाचं वय सांगायला.

“तुम्हाला वाटतं हा शब्द तुम्हाला येतो,” मिस्ये म्हणाले. “कुठून आला सांगा बरं.”

मग त्यांनीच सांगितलं. हा शब्द काही जुना नाही म्हणे. कलकत्त्याला एक गोरा साहेब होता, त्याला वादळांचा नाद होता. त्याच्या कानावर एका जहाजाची हकीकत आली. ते आमच्याच समुद्रात, आमच्याच बेटाजवळ तुफानात सापडलं. खलाशांना वाटलं, वाऱ्याच्या पुढे पुढे आपण सरळ पळतोय, आणि प्रत्यक्षात ते कित्येक दिवस गोल गोल फिरत होतं. साहेबाने ताडलं की हे वादळ सरळ जात नाही, गरगर फिरतं. त्याला नाव हवं होतं. त्याने ग्रीक भाषेतला एक शब्द घेतला. त्या शब्दाचा एक अर्थ, सापाचं वेटोळं.

मिस्येंनी फळ्यावर वेटोळं घातलेला साप काढला. मधे मोकळी जागा सोडली आणि त्या मोकळ्या जागेत खडूचा एक ठिपका दिला. “हे तुमचं घर.”

मग सापाच्या एका अंगाला त्यांनी वर जाणारा बाण काढला, दुसऱ्या अंगाला खाली येणारा. आधी वारा एकीकडून येणार. मग एकदम थांबणार. सूर्यसुद्धा दिसेल. लोक म्हणतील, सुटलो. पण साप गेलेला नसतो, तुम्ही त्याच्या मधोमध असता. थोड्या वेळाने तो दुसऱ्या बाजूने येतो, आधीच्या बरोबर उलट. “त्या वेळी दार उघडं असलं तर घर गेलं. माझा चुलता तसाच गेला,” ते म्हणाले, आणि हात झटकून त्यांनी खडू ठेवून दिला.

आमच्या बेटाच्या वादळावरून अख्ख्या जगाला एक शब्द मिळाला, याचा अभिमान वाटायला हवा, असंही ते म्हणाले. मला अभिमान वगैरे काही वाटला नाही. इतके दिवस सिक्लॉन म्हणजे नुसता वारा होता. वाऱ्याला डोळे नसतात, तो कुणाला शोधत नाही. आता त्याला अंग आलं आणि त्या अंगाच्या मधे आमचं घर आलं.

भीती एकटीने पोटात ठेवायची सवय मला नव्हती. घरी पोचले आणि दप्तर न उतरवताच सगळं आत्याला सांगून टाकलं.

आमच्या घरात चौघं. बा मळ्यावर उसात काम करी, आई गाय आणि भाजी बघे, मी शाळेत जाई, आणि या सगळ्यांवर आत्याचा शब्द चाले. ती बाची थोरली बहीण. आजी लवकर गेली तेव्हा आत्या स्वतः पोर होती, पण बाला कडेवर घेऊन तिनेच वाढवला. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली ती कायमची. सण, सोवळं, उपास, कधी काय खायचं, कधी कुठल्या दिशेला तोंड करायचं, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. तिच्या आईने तिला सांगितलेलं आणि तिच्या आईला तिच्या आईने, जी कोकणातल्या कुठल्याशा गावातून जहाजात बसून आली होती.

या सणांपैकी नागपंचमी आत्याच्या विशेष जिव्हाळ्याची होती. आमच्या बेटावर नाग नाही. विषारी साप म्हणून मुळी नाहीच. घरातल्या एकानेही कधी नाग पाहिला नव्हता. तरी दर श्रावणात आत्या भिंतीवर हळदीकुंकवाने नाग काढी. आईचं पाहून काढलेला, तिने तिच्या आईचं पाहून काढलेला. इतक्या हातांतून येता येता त्या नागाचं पडवळ झालं होतं. त्याला दूध आणि लाह्या. त्या दिवशी काही चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही, तवा चढवायचा नाही. नागाला इजा झाली तर तो सूड घ्यायला येतो, अशी तिची पक्की समजूत. आई गमतीने म्हणे, “वन्सं, नाय तेच्यासाठी येवढं, मंग आसता तर काय केलं असतंत?”

आत्या तांदूळ निवडत होती. माझं बोलणं ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

“कोन म्हणला ह्ये?”

“मिस्ये. लेकोलात.” शाळेला आमच्याकडे लेकोल म्हणत.

“आनि मिस्येला कोन म्हणला?”

“कलकत्त्याचा साहेब.”

कलकत्ता म्हणजे हिंदुस्तान. तिथून आलेली गोष्ट आत्याच्या लेखी खोटी असूच शकत नव्हती. साहेबाला काय कळणार, त्याला तिथल्या भटाब्राह्मणांनी सांगितलं असणार, असा तिने जागच्या जागी निवाडा केला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. तिला आनंद झाला होता.

“बघ गो,” ती आईला म्हणाली. “तू हसत व्हतीस. जल्मभर मी पुजते आनि नाग कुठं दिसत नाय. कसा दिसंल? तो भुईत नायच हितं. हितला नाग आभाळात हाय.”

आई हसली. मी हसले नाही. मी आत्याला ओळखत होते. तिला एखादी गोष्ट पटली की ती गोष्ट दुसऱ्या दिवसापासून घरात नियम होऊन बसे.

थोड्याच दिवसांनी पोलीस ठाण्यावर वादळाच्या इशाऱ्याचा लाल बावटा चढला. चिन्याच्या दुकानातला रेडिओ दिवसभर खरखरत होता आणि बायका मेणबत्त्या, बिस्किटं, घासलेट नेत होत्या. बा संध्याकाळी फळ्या घेऊन आला. असं प्रत्येक घर करी. दाराखिडक्यांवर आतून आडव्या फळ्या ठोकायच्या, छपरावरून दोर टाकायचे, खुंट्या पुरून ते ताणायचे. आमचं घर लाकडी, वर उसाच्या पाल्याचं छप्पर. फळ्या ठोकल्याशिवाय ते उभं राहण्यातलं नव्हतं, हे मलासुद्धा कळत होतं.

बाने हातोडा घेतला आणि आत्या दारात उभी राहिली.

“खिळा मारायचा नाय.”

बाला वाटलं, तिने ऐकलं नाही नीट. “बाय, सिक्लॉन येतंय.”

“तेच सांगते. तो येतोय. घराला वेटोळं घालनार. तू खिळा मारशील तो कुठं लागंल? तेच्याच अंगात. खुंटी पुरशील ती तेच्याच अंगात. आज उद्या कापायचं नाय, ठोकायचं नाय, खनायचं नाय.”

“वन्सं,” आई म्हणाली, आणि या वेळी ती हसत नव्हती, “घर उडालं तर नाग दूध प्यायला कुनाकडं येनार?”

आत्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाकडे बघत होती. बा मळ्यावर मुकादमाशी भांडणारा माणूस. पण या बाईच्या कडेवर तो वाढला होता. त्याने हातोडा खाली ठेवला. न ठोकता, न कापता जे करता येईल ते केलं. घायपाताचा लांब दोर न तोडता छपरावरून दोनदा फिरवला, टोकांना दगड बांधले, आणि दाराला आतून तांदळाचं पिंप लावलं. फळ्या भिंतीशी तशाच उभ्या राहिल्या.

मी एका कोपऱ्यात बसून हे सगळं पाहत होते. घरात नाग मी आणला होता, शाळेतून, दप्तरात घालून. आता तो काढ म्हटलं तर मला काढता येत नव्हता.

पहाटे वारा सुरू झाला. वाऱ्याचं वर्णन करायला मला जमणार नाही, आणि ज्यांनी तो ऐकलाय त्यांना ते नकोच असतं. एवढंच सांगते की आम्ही एकमेकांशी बोलत होतो आणि ओठ हललेले नुसते दिसत होते. नशिबाने वारा घराच्या पाठीमागून येत होता. तिकडे भिंत सलग होती, ना दार ना खिडकी. भिंत श्वास घेतल्यासारखी आतबाहेर होई. छपराचा एक कोपरा गेला आणि पाणी आत आलं. आईने मला खाटेखाली घातलं. माझे दात इतके वाजत होते की जीभ चावली गेली. आत्या मधोमध बसून पुटपुटत होती. तिला भीती वाटत नव्हती. घरात त्या दिवशी न घाबरलेली ती एकटीच होती आणि मला तिचीच सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

दुपारकडे वारा थांबला. हळूहळू ओसरला नाही. कुणीतरी दार लावून घ्यावं तसा थांबला. छपराच्या भोकातून निळं आभाळ दिसलं. लांब कुठेतरी कोंबडा आरवला.

“निजला,” आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “आपन तेला टोचलं नाय म्हनून निजला.” तिने पिंप बाजूला सारलं, वाटीत कालचं दूध ओतलं, पदर डोक्यावर घेतला आणि दार उघडून बाहेर गेली.

मी खाटेखालून बाहेर आले. ऊन पाहिलं. हेच ऊन मिस्येंनी सांगितलं होतं. आता वारा उलट बाजूने येणार, आणि उलट बाजूला आमचं दार होतं. मी बाचा सदरा धरला आणि सांगितलं, फळ्या ठोक, आत्ता ठोक, तो गेलेला नाही, आपण मधे आहोत. बाने ऐकून घेतलं. फळ्यांकडे पाहिलं. मग उघड्या दारातून बहिणीकडे पाहिलं.

“तिला विचार,” तो म्हणाला. माझा बाप, चांगला हाडापेराचा माणूस, मला म्हणाला, तिला विचार.

आई ओरडली, “अरे, माणूस हायस का कोन!” आणि स्वतः हातोडा उचलायला गेली. बाने तो तिच्या हातून काढून घेतला. बहिणीचा शब्द मोडायचा तर त्याला तिच्या तोंडून मोडलेला हवा होता.

म्हणून मी बाहेर गेले. मला जायचं नव्हतं. पाय चालत होते आणि मी रडत होते. अंगण ओळखू येत नव्हतं. ऊस सगळा एकाच दिशेला झोपला होता. पपईची झाडं मोडली होती, गाय गोठ्याच्या पत्र्याखाली उभी होती आणि तिलाही काही सुचत नव्हतं. एक पान हलत नव्हतं. आत्या उसाच्या कडेला वाटी घेऊन ओणवी झाली होती.

“आत्या, आत चल. तो परत येनार.”

“परत कशाला? निजलाय.”

“निजला नाय. आपन तेच्या मधे हाव. मिस्येनं काढून दावलं. तो समद्या बाजूंनी हाय.”

ती वाटी सावरून उभी राहिली. मला वाटलं, पटलं. पण आत्याकडे सगळ्याला उत्तर असे. “मंग तर बरंच झालं,” ती म्हणाली. “समद्या बाजूंनी हाय तर दूध मधेच ठेवाया पायजे. कुठूनबी पोचंल तो.”

मिस्ये संपले, साहेब संपला, ग्रीक संपली. डोंगराच्या बाजूने एक आवाज यायला लागला होता, खूप लांबून, गिरणीचं चाक फिरल्यासारखा. आत्यालाही तो ऐकू आला असणार, कारण तिने मान वळवली. मी तिच्या लुगड्याला मिठी मारली.

“मला भ्या वाटतं,” मी म्हणाले. “आत्या, मला लय भ्या वाटतं.”

एवढंच. यात पटवण्यासारखं काही नव्हतं. पण तिचा हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथे थांबला. माझी हुडहुडी तिच्या अंगात उतरली असणार. तिने वाटीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाटी तिने खाली ठेवली नाही. माझ्या तोंडाला लावली. “पी,” म्हणाली. नागाचं दूध. मी रडत रडत ते प्यायले. मग तिने माझं मनगट धरलं आणि मला ओढत घराकडे पळायला लागली. आत्याला पळताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

आत येऊन तिने दार लावलं आणि बापुढे हात केला. “मार्तो दे.” हातोडा घेतला. पहिली फळी आईने धरली आणि पहिला खिळा आत्याने मारला. तिला मारता येत नव्हतं. दुसरा घाव तिच्या बोटावर बसला. बा पुढे झाला तेव्हा तिने त्याला कोपराने ढकललं.

“तू नाय. तू हात लावायचा नाय. समदे मीच मारनार.”

खिळा मारणाऱ्याचं काय होणार ते तिला ठाऊक होतं, म्हणजे तिला तसं वाटत होतं. नाग ज्या हाताने इजा झाली तो हात शोधत येतो. म्हणून तिला दुसरा हात त्यात नको होता. आई फळ्या धरत गेली, आत्या खिळे ठोकत गेली, बोटातून रक्त येत होतं. शेवटची फळी बसते न बसते तोच वारा आला, या वेळी समोरून, सरळ दारावर.

आई, बा आणि मी मागच्या भिंतीशी गेलो. आत्या आली नाही. ती दाराला पाठ लावून बसली, एकटी. दाराला दणका बसला की ती आख्खी हादरे. सकाळी न घाबरलेली बाई आता घाबरली होती. तिचे डोळे मोठे झाले होते आणि ओठ निळे पडले होते. मला वाऱ्याची भीती वाटत होती. तिला वाऱ्याची वाटत नव्हती, तिला वाटत होतं की नाग हाक मारतोय आणि तिच्याच नावाने. मी तिच्याकडे सरपटत निघाले. तिने हात वर करून मला थांबवलं. आवाज पोचत नव्हता, पण ओठ वाचता आले. “हिकडं येऊ नको. आज माज्याजवळ येऊ नको.”

मी मागे सरकले. पुन्हा पुढे गेले. तिने पायाने मला ढकललं, खरंच ढकललं, जोरात. उरलेलं छप्पर गेलं. पाऊस आमच्यावर सरळ पडू लागला. बाने आईला आणि मला अंगाखाली घेतलं. त्याच्या काखेतून मला दार दिसत होतं आणि दाराशी ती. फळ्या वाकत होत्या. खिळे निघाले नाहीत. वेडेवाकडे होते, अर्धे बाहेर होते, पण निघाले नाहीत. मी देवाचं नाव घेत नव्हते. तिला नेऊ नको, तिला नेऊ नको, एवढंच म्हणत होते. कुणाला म्हणत होते, ते मला आजही सांगता येणार नाही.

सांज व्हायच्या सुमाराला वारा उतरायला लागला. या वेळी हळूहळू, दमलेल्या माणसासारखा. आम्ही तसेच पडून राहिलो. बरंच नंतर आत्याचा आवाज ऐकू आला, बसलेला, अगदी बारीक.

“पोरी. गेला का गो?”

तिने मलाच विचारलं. बाला नाही, आईला नाही. शब्द मी आणला होता, तेव्हा त्याचं उत्तरही माझ्याकडेच असणार, असं तिला वाटलं. मला काही ठाऊक नव्हतं. मिस्येंनी फळ्यावर एक वेटोळं काढलं होतं की दोन, ते मला काही केल्या आठवेना.

“गेला,” मी म्हणाले.

तिने दाराला टेकलेली पाठ सोडली.

“मंग ये आता,” ती म्हणाली. “ये जवळ.”